त्या पोराच्या आजीवर उपचार कोण करणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर आमच्या गावची एक छोटी बातमी होती, किराणा दुकानातून माल लंपास करणाऱ्या अल्पवयीन चोरट्याला गावकऱ्यांचा चोप, अशी. आठ-दहा ओळी असतील. त्यात गावाचं नाव होतं, मुलाचं वय होतं, तो आजीजवळ राहतो हेपण होतं, आणि फोटो होता. तोंडावर काळी पट्टी टाकली होती पण शाळेचा शर्ट, मागचं दुकान, दंड धरून उभी असलेली माणसं सगळं दिसत होतं. आमच्याकडं दहा वर्षांचा आणि आजीजवळ राहणारा म्हटलं की नाव सांगायची गरजच पडत नाही. ते कात्रण दिवसभर व्हॉट्सअपला फिरलं, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरसुद्धा आलं.

काय चोरलं ते मात्र बातमीत नव्हतं. पाच रुपयेवाले पार्ले-जीचे पुडे चोरले होते. गल्ल्याला हात लावला नव्हता, मोबाइल तिथंच काउंटरवर पडलेला होता त्यालाही नाही. ते दुकान माझ्या दुकानाला लागूनच आहे आणि त्याच्या चड्डीच्या खिशातून काढलेले पुडे मी माझ्या डोळ्यांनी बघितले म्हणून हे खात्रीनं लिहिते. बिस्किटंच का चोरली हे तिथं एकानंही विचारलं नाही, बातमी देणाऱ्यानंपण नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा पण आजीबद्दलचं कापू नका.

मी गावात ऑनलाइन सेंटर चालवते, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, निराधारचे फॉर्म, पीकविमा, झेरॉक्स, सगळं. दिवसभर लोकांचे कागद हातातून जातात त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय ते न विचारता कळतं. या पोराच्या घरातलं मला तसंच कळत गेलं, आधी कागदावरून आणि मग प्रत्यक्ष.

त्याच्या आजीला वाटतं की तिच्या जेवणात कुणीतरी विष कालवतंय. कधीतरी वाटतं असं नाही, रोज, प्रत्येक घासाला वाटतं. शेजारीण कालवण आणून द्यायची ते ती उकिरड्यावर ओतायची, नळाचं पाणी पीत नाही कारण पाइपातून पावडर सोडतात म्हणते, रात्री-अपरात्री लांबच्या हापशावर जाऊन कळशी भरून आणते. चुलीवर स्वतः भाकरी थापते आणि ताटात वाढेपर्यंत तिला वाटतं की पाठ फिरली तेवढ्यात कुणीतरी येऊन गेलं. ती भाकरीपण जाते बाहेर. फक्त दुकानातला सीलबंद पुडा तिला चालतो. तोही तिच्यासमोर फोडायचा, पहिलं बिस्किट पोरानं खायचं, मग ती त्याच्या तोंडाकडं बघत बसते, बराच वेळ बसते, आणि पोराला काही झालं नाही अशी खात्री पटली की मग स्वतः खाते. मी हे त्यांच्या उंबऱ्यात उभं राहून बघितलंय. पोरगं बिस्किट गिळून आ करून दाखवतं, जीभ वर करून दाखवतं, आणि मग म्हणतं, "बघ, काय न्हाई झालं, खा आता."

दहा वर्षांचं लेकरू आजीच्या आधी विष चाखून बघायचं काम रोज करतंय, आणि आपण त्याला चोरटा म्हणून छापलं.

ही आजी पहिल्यापासून अशी नव्हती. हिनं आणि हिच्या नवऱ्यानं वर्षानुवर्षं ऊसतोडीला कोयता केलाय, नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाऊन मुलाचं लग्न केलं. सून वारली तेव्हा पोरगं तीन वर्षांचं होतं, तीपण कारखान्याकडंच फडावर असताना वारली. मुलगा पुढं टोळीबरोबर गेला तो तिकडंच दुसरं लग्न करून राहिला, नंबर बदलत असतो, पैसे येत नाहीत. तेव्हापासून घरात म्हातारी आणि नातू. तीन-चार वर्षांपूर्वी तिचं बोलणं बदललं तेव्हा सगळे म्हणाले वय झालं, मग म्हणाले बाहेरचं आहे, मग एका देवऋषाकडं नेलं, त्यानं करणी सांगितली आणि करणी करणारी शेजारीण आहे असंही सांगून टाकलं. जी एकटी बाई कालवणाची वाटी घेऊन यायची तीपण त्या दिवसापासून बंद झाली. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात २०१३ ला झाला, पण देवऋषाच्या दारात अजून गर्दी आहे कारण तो दारात आहे, आणि डॉक्टर जिल्ह्याला आहे.

आता पोराबद्दल. त्याला मी देवाचं लेकरू म्हणून रंगवत नाहीये. तो शिव्या देतो, घाण शिव्या. दगड मारून त्यानं एका मुलीचं डोकं फोडलंय, टाके पडले होते. वर्गात पाठीमागून कुणाचा हात खांद्याला लागला तरी गर्रकन वळून मारतो. शाळेत अर्ध्यातून पळून जातो. खिचडी वाढली की खायच्या आधी वास घेतो, दुसऱ्या पोरांच्या ताटातलीपण हुंगून बघतो, आणि पोरं त्याला येडीचा नातू म्हणून चिडवतात मग परत मारामारी. सर-मॅडम लोक काही वाईट नाहीत, पण दोन शिक्षक आणि पाच वर्ग असले की चावणाऱ्या पोराला कुणी किती समजून घ्यायचं.

चावण्याचं सांगते. मागच्या थंडीत एका रात्री आजीनं त्याला ओळखलंच नाही. म्हणजे चेहरा ओळखला, आवाज ओळखला, पण म्हणाली हा माझा नातू नाही, माझ्या नातवाला नेलंय आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसराच आणून ठेवलाय. घराबाहेर काढून आतून कडी लावली. रात्रभर पोरगं दाराशी बसून आपलं नाव सांगत होतं, आईचं नाव सांगत होतं, लहानपणी पायाला भाजलेली खूण दाखवू का म्हणत होतं, शेजारच्यांनी ऐकलंय हे. सकाळी तिनं दार उघडलं, जणू काही झालंच नाही. पोरगं तसंच शाळेत गेलं आणि हजेरीला बाईंनी नाव घेतल्यावर मागून एक मुलगा गमतीनं म्हणाला की तो आला नाही, दुसराच आलाय. त्या मुलाच्या दंडाला हा एवढा चावला की रक्त आलं. मुलाला या रात्रीचं काहीसुद्धा माहीत नव्हतं, तो बिचारा सहज बोलला. शाळेच्या रजिस्टरमध्ये फक्त चावल्याची नोंद आहे.

मी मानसशास्त्र शिकलेली नाही, पण एवढं कुणालाही दिसेल की या पोरात जे काही बिघडलंय ते सगळं त्या घरातून आलंय. रात्री आजी झोपत नाही म्हणून तो झोपत नाही. विळा आणि काडेपेटी तो रोज संध्याकाळी पत्र्याखालच्या फटीत लपवून ठेवतो. आजी कुठल्या मिनिटाला चिडेल ते तिच्या पावलांच्या आवाजावरून ओळखायला शिकलाय, आणि घरात जे त्याला उपयोगाला येतं तेच शाळेत त्याच्या अंगाशी येतं. त्याला समुपदेशन द्या, शिस्त लावा, वसतिगृहात घाला, असं जे जे लोक सुचवतात त्यांना माझं एकच म्हणणं आहे, आधी त्या म्हातारीवर औषधोपचार सुरू करा. ती चार घास नीट खायला लागली, रात्री झोपायला लागली, तर या पोराचं निम्मं दुखणं आपोआप कमी होईल.

आणि इथंच सगळं अडतंय. पोराची फाइल एका खात्याकडं आणि आजीची दुसऱ्याच खात्याकडं, आणि दोन्ही फाइली अडकल्यात त्या एकाच कारणानं, की म्हातारी आजारी आहे. हे जरा सविस्तर सांगते कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

तिला विधवा म्हणून संजय गांधी निराधारचे पैसे चालू होते, आता महिन्याला १५०० मिळतात त्यात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ती गेली नाही, अंगठा द्यायला तयारच होत नाही कारण अंगठा घेऊन घर नावावर करून घेतील असं तिला वाटतं, म्हणून पैसे बंद. मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये येतो, ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं प्रमाणपत्र असेल तर त्यावर बरंच काही मिळू शकतं, पण प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावं लागतं आणि ती एसटीत बसत नाही. जी बाई आजारामुळं घराबाहेर पडत नाही तिनं आजारी असल्याचा दाखला आणायला जिल्ह्याला यायचं.

पोरासाठी बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्या नावानं, महिन्याला २२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४००० ची पण तरतूद आहे, उत्पन्नाची अट बसली तर. फॉर्म मी स्वतः भरलाय. आईचा मृत्यू दाखला पाहिजे, तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्याच्या गावातून आणायचा, तिथं नोंद केली की नाही तेच कुणाला सांगता येत नाही. पोराचं आधार लहानपणी काढलेलं, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे अपडेट करायचे असतात ते केलेले नाहीत. त्याचं नाव बापाच्या रेशनकार्डावर, म्हणजे आजीच्या कार्डावर त्याचा अंगठा चालत नाही आणि आजी स्वतः अंगठा देत नाही, म्हणजे धान्यपण नाही. आणि सगळ्यात शेवटी फॉर्मला एक फोटो लावायचा असतो, मुलाचा त्याच्या पालकाबरोबर, घरासमोर उभं राहून काढलेला. मी मोबाइल घेऊन गेले तर आजी ओरडत आत पळाली, कॅमेऱ्यातून ओढून नेतात म्हणे. पोरगं एकटंच घरासमोर उभं राहिलं, केस ओले करून, भांग पाडून आलं होतं. तो फोटो माझ्याकडं तसाच पडून आहे, फॉर्मला चालत नाही कारण पालक नाही त्यात.

प्रत्येक योजनेनं असं धरलंय की मुलाच्या मागं एक शहाणं, हिंडतं-फिरतं, सही करणारं माणूस उभं आहे. ते माणूसच आजारी असेल तर काय करायचं याचा रकाना एकाही फॉर्मात नाही. खरं तर कायदा याला अपवाद म्हणत नाही, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण याची जी व्याख्या आहे त्यात पालक सांभाळायला असमर्थ असलेलं मूल स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे या पोराचा मार्ग पोलीस चौकीतून जातच नाही, तो बाल कल्याण समितीकडून जातो. आणि नवीन न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्यात सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपण काय करतोय याची पुरती समज नसेल तर त्याचं कृत्य गुन्हाच धरत नाहीत. दुकानासमोर त्याला धरून ठेवणाऱ्या आणि मारणाऱ्या मोठ्या माणसांना असा कुठलाही बचाव नाही, पण त्यांच्यावर काही झालं नाही, आणि फोटोत तेच हसत उभे आहेत.

आजीच्या बाजूनंपण कायदा आहे आणि चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ च्या मे महिन्यात. त्यातलं कलम १८ सरळ म्हणतं की सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते फुकट मिळाले पाहिजेत, हातात बीपीएलचं कार्ड असो नाहीतर नसो. कार्ड नसलं तरी, हे शब्द कायद्यात आहेत. मी जेव्हा हे एका ऑफिसात वाचून दाखवलं तेव्हा तिथले साहेब म्हणाले, हो ना मॅडम, पण पेशंट आणा ना.

पेशंट येत नाही हाच तर त्या आजाराचा भाग आहे. ज्याला वाटतं की सगळे मला मारायला टपलेत तो आपल्या पायानं दवाखान्यात कसा येईल? ताप आलेला माणूस दवाखाना शोधत जातो, या आजारात दवाखान्यानं माणूस शोधत यावं लागतं. हे काही मी नवीन सांगत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ ला सुरू झाला आणि त्याच्या आधी कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सच्या, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या लोकांनी जो प्रयोग केला होता त्याचा गाभाच हा होता की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आणि गावपातळीच्या कर्मचाऱ्याला शिकवायचं, गोळ्या तिथंच ठेवायच्या, माणसाला मोठ्या इस्पितळापर्यंत ओढत न्यायचं नाही. निम्हान्सनंच २०१५-१६ ला राष्ट्रीय सर्वेक्षण केलं तेव्हा वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं दिसलं. आमची म्हातारी त्याच आकड्यात बसलेली आहे. राज्याची जुनी मोठी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, मराठवाड्याच्या डोंगराकडच्या माणसाला यातलं एकही जवळ नाही. आणि तिला तिथं नेऊन टाकावं असं माझं म्हणणंसुद्धा नाही.

१४४१६ या टेलीमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरावर मी फोन केला होता, तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. त्यांनी नीट ऐकून घेतलं. तिच्याशी विषावरून वाद घालू नका, तू खोटं बोलतेस असं म्हणू नका, तुला भीती वाटतेय ना एवढंच म्हणा, हे त्यांनी सांगितलं आणि ते खरंच उपयोगी पडलं, मी पोरालापण तसंच बोलायला शिकवलं. पण फोनवरून गोळी देता येत नाही. डॉक्टरनं एकदा तिला प्रत्यक्ष बघायला पाहिजे, हा आजार कुठला आहे, स्मृतिभ्रंश आहे का, थायरॉइड आहे का, साखर, रक्त कमी, या वयात काहीही असू शकतं. आणि ज्या पेशंटला रोज गोळी घ्यायची भीती वाटते त्याच्यासाठी दोन-चार आठवड्यांनी एकदा द्यायची इंजेक्शनंपण असतात, ती द्यायची का ते डॉक्टरनं ठरवावं. पण ठरवायला कुणीतरी त्या उंबऱ्यापर्यंत तर आलं पाहिजे. आशाताई घरोघर जातात, गरोदर बाई, क्षय, लसीकरण सगळं बघतात, त्यांच्या कामाच्या आधीच मरणाच्या ओझ्यावर अजून एक टाका असं मी म्हणत नाही, पण त्यांनी कळवल्यावर जिल्ह्याच्या टीमनं महिन्यातून एक गाडी अशा घरांसाठी काढली तर बिघडतं कुठं?

वसतिगृहाचं सांगायचं राहिलं. ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडं हंगामी वसतिगृह चालतं, आई-बाप तोडीला गेलेल्या पोरांची जेवणाखाणाची सोय होते, चांगली योजना आहे. याला तिथं घातलं होतं. जेवला, दोन रात्री राहिला, आणि मग पळून घरी. का आलास विचारलं तर म्हणाला, "तिला पुडा कोण फोडून देईल?" नातवाला सोडवायचं म्हणून आजीपासून तोडला तर तो पळूनच येणार, आणि मागं म्हातारी चार दिवस उपाशी राहणार. हे दोघं एकमेकांना धरून जगतायत. तिला ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी ती त्याच्या डोक्याला तेल लावते, उवा काढते, आईच्या गोष्टी सांगते, तेपण मी बघितलंय. पोरगं त्या दिवशी शाळेत कुणाला मारत नाही.

तरीपण मी डोळे झाकून बोलत नाही. उलथन्याचा चटका त्याच्या हातावर आहे. उद्या तिच्या हातून पोराच्या जिवाला खरंच धोका झाला तर त्याला त्या घरातून काढावंच लागेल, रात्री बारा वाजता काढावं लागेल, आणि त्यासाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मी शेजारच्या दोन्ही घरांत भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. पोरालापण पाठ आहे. पण एक साधा उपचार वेळेवर मिळाला असता तर जे टळलं असतं त्यासाठी लेकराचं घर मोडायचं, ही वेळ येऊ द्यायची का? तिला दोन महिने उपचार मिळाले आणि तरी घर सुरक्षित झालं नाही, असं झालं तर मग समितीनं जे ठरवायचं ते ठरवावं, माझी तक्रार नसेल. उपचार एक दिवससुद्धा न देता पोराला उचलणं मला पटत नाही.

साहेब, हे एकाच घराचं दुखणं असतं तर मी पेपरला लिहिलं नसतं. दिवाळी झाली की आमची गावंच्या गावं रिकामी होतात, टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात त्या मार्च-एप्रिलपर्यंत. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. त्या पाच-सहा महिन्यांत घरातलं कर्तं माणूस म्हणजे आजी नाहीतर आजोबा. त्यांच्यातल्या कुणाला विसर पडायला लागलाय, कुणी रात्री उठून चालायला लागतं, कुणी मुलगा गेल्यापासून बोलतच नाही, कुणी दारूत बुडालंय, आणि त्यांच्या जिवावर लहान-लहान पोरं सोडलेली. मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देताना कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या मोजतो, मागं कोण राहिलं ते कुणी मोजत नाही. ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि शाळेचे मुख्याध्यापक या चौघांनी टोळ्या निघायच्या आधी एक दिवस बसून अशी घरं काढली तर यादी एका दुपारीत होईल, आमच्या गावापुरती तर मी स्वतः कॉम्प्युटरवर टाइप करून देते. ती यादी तालुक्याच्या डॉक्टरकडं आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं एकदमच गेली पाहिजे, दोघांना एकच कागद, म्हणजे आजीची आणि पोराची फाइल निदान एका टेबलावर तरी येईल.

आपल्याकडं दोन मागण्या आहेत. एक, अशा मुलांच्या बातम्या देताना बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बघा, त्यात मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मला कुणाला दंड करायचा नाही, पण ते कात्रण आल्यापासून पोरगं शाळेत गेलेलं नाही आणि किराणावाल्यानं पुड्यांची बरणी आत सरकवून ठेवलीय. सध्या पुडे मी आणून देते, ते माझ्याकडून घेतानापण तो इकडं-तिकडं बघून घेतो. दुसरी, तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना एकदा सरकारी दवाखान्यात पाठवा आणि साधे प्रश्न विचारायला सांगा, की मनाच्या आजाराचे डॉक्टर इथं महिन्यातून कुठल्या दिवशी येतात, औषधं कुठली शिल्लक आहेत, आणि दवाखान्यापर्यंत येऊ न शकणाऱ्या पेशंटच्या घरी शेवटचं कोण, कधी गेलं होतं. जे उत्तर मिळेल ते तारखेसकट छापा, त्याच पानावर जिथं पोराची बातमी छापली होती.

माझं नाव आणि गाव छापू नये ही विनंती. माझं नाव आलं की सेंटर कळतं, सेंटर कळलं की गाव, आणि गाव कळलं की परत ते पोरगंच.

आपली,
एक वाचक, मराठवाडा